दुखरा पाय आणि शहाणी माणसं

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या खान्देशात, एका तालुक्याच्या गावी, शाळकरी मुलांच्या ज्युदो स्पर्धा झाल्या. चौदा वर्षांखालच्या गटातल्या एका उपांत्य लढतीत एका मुलाचा डावा घोटा पडता पडता मुरगळला. तो उठला, लंगडत आपल्या जागेवर आला. 'खेळतो का?' पंचांनी विचारलं, त्याने मान हलवली आणि लढत पुन्हा सुरू. समोरच्या मुलाच्या कोपऱ्यातून 'त्याना डावा पायवर मार ना भो!' असा ओरडा चालला होता. पायाने पाय झाडून पाडणं हा ज्युदोत सुरुवातीलाच शिकवला जाणारा डाव. तो घोटा एकदा झाडला असता तर काम झालं होतं. पण त्या पोराने घोट्याकडे वळूनही पाहिलं नाही. उजवीकडून दोन-तीन डाव टाकले, ते फसले, आणि शेवटी तोच हरला. लंगडणारा अंतिम फेरीत गेला खरा, पण पाय टेकवेना म्हणून ती लढत तो खेळलाच नाही.

कोणीतरी मोबाईलवर टिपलेला हा प्रसंग तेव्हापासून व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरतोय आणि त्यावर कडाक्याचं भांडण जुंपलंय. एक तट हारतुरेवाल्यांचा. 'याला म्हणतात संस्कार', 'आजच्या काळातला कर्ण', शाळेत सत्कार करा, पेपरात फोटो द्या. दुसरा तट व्यवहारवाल्यांचा. 'बावळट पोरगं', 'दया दाखवायची तर देवळात जा, मॅटवर कशाला चढला?' एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या दोन तटांचं एका गोष्टीवर मात्र एकमत दिसतं : जे काही झालं ते त्या मुलाने केलं. चांगलं केलं किंवा वाईट केलं, पण त्याने केलं. त्या हॉलमध्ये मोठी माणसं होती, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

माझं म्हणणं दोन्ही तटांना आवडणार नाही. दुखऱ्या जागेवर नेम धरायचा नाही, हा मुलांच्या स्पर्धेत साधा दंडक असला पाहिजे. त्याला थोरपणा म्हणून डोक्यावर घ्यायचं कारण नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, लंगडणारं पोर मॅटवर ठेवायचं की खाली उतरवायचं, हा निर्णय समोरच्या बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या गळ्यात बांधायचा आपल्याला अधिकारच नाही. पंच होते, दोन्हीकडचे कोच होते, संयोजक होते, आईबाप होते. एवढ्या जणांनी जे ठरवायचं टाळलं ते एका सातवीतल्या मुलाला ठरवावं लागलं, आणि आता आपण सगळे बसून त्यालाच मार्क देतोय.

व्यवहारवाल्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं मुळीच नाही. शिरपूर-तळोद्याकडून किंवा चोपड्याच्या खेड्यातून पोराला घेऊन येणारा बाप ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर शोधायचं सोडून एसटीत बसलेला असतो. त्याला दहावीचे सवलतीचे गुण दिसतात, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण दिसतं, आणि जिल्हा, विभाग, राज्य अशी ती शिडी एका लढतीवर अडकलेली दिसते. 'पदकापेक्षा माणुसकी मोठी' हे त्याला सांगणारा बहुधा ज्याच्या घरी पगार येतो असा माणूस असतो. दुसरा मुद्दा तर्काचा. लढत म्हणजे समोरच्याची उणीव शोधणंच. त्याची डावी बाजू कच्ची असेल तर आपण डावीकडून जातो, त्याचा दम तुटला असेल तर वेग वाढवतो. मग दुखऱ्या पायालाच तेवढं सोवळं का? तिसरा मुद्दा सोंगाचा, आणि तो अनुभवाचा आहे. गुणांवर मागे पडलं की गुडघा धरून बसायचं, श्वास घ्यायचा, समोरच्याची लय मोडायची, हे पोरांना कोणीतरी शिकवतंच. लंगडणाऱ्याला सूट मिळते असं एकदा कळलं तर अर्धा गट लंगडायला लागेल. आणि चौथा, जो मला सगळ्यांत वजनदार वाटतो : जो दुखत असताना उभा राहतो त्याला सूट देणं म्हणजे त्याचा अपमान नाही का? तो दया मागायला उठलेला नसतो.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करू, कारण बाकीचे त्यावर उभे आहेत. कच्ची बाजू आणि दुखरी बाजू एक नाहीत. दम तुटलेल्या पोरावर वेग वाढवला तर ते हरतं, पाणी पितं, सावलीत दहा मिनिटं बसतं आणि पुढच्या लढतीला उभं राहतं. लिगामेंट ताणलेल्या घोट्यावर पुन्हा घाव घातला तर हरण्यापलीकडचं काहीतरी घडतं, आणि ते लढतीबरोबर संपत नाही. त्यात ही मुलं वाढीच्या वयातली. लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चेची पट्टी असते आणि या वयात ती आजूबाजूच्या लिगामेंटपेक्षा नाजूक असते. मोठ्या माणसाला जिथे मुरगळ होईल तिथे मुलाची ही पट्टी दुखावू शकते, आणि ती नीट भरली नाही तर हाड आखूड किंवा वाकडं वाढायचा धोका असतो. वरून दोन्ही सूज सारखीच दिसते. क्रेप बँडेज गुंडाळणाऱ्या पीटीच्या सरांना ती ओळखता येत नाही, आणि तेरा वर्षांच्या प्रतिस्पर्ध्याला तर नाहीच नाही. म्हणजे 'दुखऱ्या पायावर मार' असं जो ओरडतो तो नेमकं काय मोडायला सांगतोय हे त्यालाही ठाऊक नसतं. ऑलिम्पिकमध्ये पंचविशीतले दोन व्यावसायिक एकमेकांशी काय करतात हा वेगळा हिशेब आहे. त्यांचं हाड वाढून झालेलं असतं, धोका त्यांनी समजून पत्करलेला असतो.

शिवाय हा खेळ मुळात उभा कशावर आहे? ज्युदोचा जनक जिगोरो कानोने 1882 मध्ये टोकियोत कोडोकान ही आपली शाळा सुरू केली तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले माणसाला अपंग करणारे डाव त्याने मोकळ्या सरावातून बाजूला काढले. त्याचा परिणाम वरकरणी उलटा वाटेल असा झाला : पोरं पूर्ण ताकदीने लढू लागली. कोपराचा सांधा पिळला जात असताना हाताने दोन थापा मारल्या की समोरचा सोडणार, ही खात्री असते म्हणून तर सांधा पिळायला देता येतो. ती खात्री नसेल तर उरते ती निव्वळ मारामारी, आणि मारामारी शिकायला फी भरायची गरज नाही. दुखऱ्या जागेवर नेम न धरणं ही त्याच खात्रीची पुढची पायरी आहे. त्यात भावनेचा भाग कमी आणि खेळाच्या रचनेचा जास्त.

कर्णाचं नाव गटांवर काढलंच आहे, तर महाभारताकडेही जरा नीट पाहू. एरंडोलजवळ पद्मालयाला भीमकुंड दाखवतात, भीमाने बकासुर मारला तो इथेच, असं आपल्याकडे सांगतात. तेव्हा भीम आपल्याला परका नाही. गदायुद्धात नाभीच्या खाली मारायचं नाही हा नियम. शेवटच्या दिवशी दुर्योधन सरस होतोय असं दिसल्यावर बाजूला उभा असलेला अर्जुन स्वतःची मांडी थोपटतो. ही कोपऱ्यातली खूण. भीम ती ओळखतो आणि दुर्योधनाच्या मांड्या फोडतो. यावर कोण संतापतं? नांगर उगारून भीमावर कोण धावून जातं? बलराम. तो दोघांचाही गदेचा गुरू. त्याला भीमाची प्रतिज्ञा माहीत होती, द्रौपदीचा अपमान माहीत होता, दुर्योधन काय लायकीचा आहे हेही कळत होतं. कृष्णाने हे सगळं त्याला समजावलं, तरी त्याचं समाधान झालं नाही, तो तिथून द्वारकेला निघून गेला. कृष्णाची बाजू युद्धाची होती आणि त्या जागी ती बरोबरही असेल, कारण तिथे राज्य पणाला लागलं होतं आणि अठरा अक्षौहिणी मेल्या होत्या. पण बलरामाची बाजू वस्तादाची होती. आता मला सांगा, तालुक्याच्या स्पर्धेत कोपऱ्यात बसलेल्या माणसाने कोणती बाजू घ्यायची? चौदा वर्षांखालच्या उपांत्य फेरीत असं कुठलं राज्य जातं की मांडी थोपटावी?

हारतुरेवाल्यांना वाटेल आपलं जिंकलं. थांबा. त्यांचा आवडता दाखला म्हणजे 1984 चं लॉस एंजेलिस ऑलिम्पिक. ज्युदोच्या खुल्या गटाच्या अंतिम लढतीत जपानचा यासुहिरो यामाशिता उजव्या पोटरीचा स्नायू फाटलेल्या अवस्थेत उतरला, समोर इजिप्तचा मोहम्मद रश्वान. दुखऱ्या पायाचा फायदा घ्यायचा नाही असं आपण ठरवलं होतं, असं रश्वानने नंतर सांगितलं. तो हरला आणि पुढे त्याला फेअर प्लेचा आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाला. त्याने तो पाय खरंच किती टाळला यावर ज्युदोतले जाणकार अजून वाद घालतात, तो घालू दे. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते : रश्वानने लढत सोडली नाही. तो जिंकायलाच उतरला होता आणि यामाशिताने त्याला जमिनीवर दाबून हरवलं. म्हणजे चौथ्या मुद्द्याचं उत्तर इथेच सापडतं. पाय टाळणं म्हणजे माणसाला सूट देणं नव्हे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपला बॉक्सर सतीश कुमार चेहऱ्यावर टाके असताना उझबेकिस्तानच्या जलोलोवसमोर उभा राहिला. जलोलोवने त्याला 5-0 असा स्वच्छ हरवला आणि लढतीनंतर त्याच्या हिमतीला दाद दिली. तिथे कोणी कोणाचा अपमान केला नाही.

याच्या पलीकडचाही एक दाखला आहे, आणि तो मला मुलांसमोर ठेवायला नको वाटतो. 2000 साली अमेरिकेच्या तायक्वांदो ऑलिम्पिक निवड चाचणीत के पो हिच्या गुडघ्याची वाटी सरकली. अंतिम लढतीत समोर तिची जिवलग मैत्रीण एस्थर किम. किमने लढत सोडली आणि सिडनीचं तिकीट मैत्रिणीला दिलं. जगभर वाहवा झाली. ती झालीच पाहिजे, कारण किम जाणती होती, निर्णय तिचा होता, किंमत तिने मोजली. पण हीच अपेक्षा सातवीतल्या मुलाकडून ठेवायची? उद्या दुसऱ्या एखाद्या मुलीने लंगडणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला नियमात राहून, पाय न धरता, चोख हरवलं तर हेच हारतुरेवाले तिला निर्दय म्हणणार नाहीत कशावरून? सत्कारांचा हा त्रास असतो. आज ज्याच्या गळ्यात हार घातला त्याच्या शेजारचं पोर आपोआप खलनायक होतं. त्या मुलाचा सत्कार करू नका असं मी म्हणत नाही. पण तो हरला म्हणून करताय का, हे एकदा स्वतःला विचारा. तो घोटा न झाडता जिंकला असता तर तुमच्या गटावर ती चित्रफीत आली असती का?

राहिला सोंगाचा मुद्दा. तो खरा आहे, पण त्याचं उत्तर घोट्यावर लाथ हे कसं? नियमपुस्तकांनी हा विचार आधीच केलेला आहे. कराटेत दुखापतीचं सोंग करणं हा गंभीर गुन्हा मानतात, थेट बाद करण्याइतका. सोंग ओळखायचं काम डॉक्टरचं, शिक्षा द्यायचं काम पंचाचं. आणि मार आवरता न येणं याचीही शिक्षा त्याच पुस्तकात आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटेच्या सर्वांत वरच्या वजनगटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी गुणांवर पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेच्या मानेजवळ इतकी जोरात बसली की तो बेशुद्ध पडला. हमेदी बाद झाला आणि स्ट्रेचरवरून गेलेल्या माणसाला सुवर्णपदक मिळालं. निर्णय कडक होता की योग्य, यावर तेव्हाही दोन मतं होती. पण निर्णय मॅटभोवती बसलेल्या मोठ्यांनी घेतला आणि त्याची जबाबदारीही त्यांनीच घेतली.

आणि आपला दुटप्पीपणा तर विचारूच नका. 5 ऑगस्ट 2024 च्या रात्री पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपली कुस्तीपटू निशा दहिया मोठ्या आघाडीवर असताना तिच्या हाताला दुखापत झाली आणि उत्तर कोरियाच्या मल्लाने ती लढत 10-8 अशी फिरवली. मुद्दाम हातावर हल्ला केला असा आरोप निशाच्या प्रशिक्षकांनी केला. तो खरा की खोटा ते बाजूला ठेवू. पण त्या रात्री आपल्याकडे चहाच्या टपरीपासून दिवाणखान्यापर्यंत किती संताप होता ते आठवा. दुखऱ्या हाताचा फायदा घेतला म्हणून शिव्या घालणारी माणसं आणि 'त्याना डावा पायवर मार' म्हणणारी माणसं ही दोन वेगळ्या मुलखातली नाहीत.

खान्देशाला हे सगळं टोकियोकडून शिकायची गरज नव्हती. यात्रेतल्या फडात जोड लावतात ती वस्ताद मंडळी. उंची, छाती, मांडी पाहून, दोघांना शेजारी उभं करून, 'ही जमते' किंवा 'ही नाही जमत' असं ती सांगतात आणि पोरं ऐकतात. वजनकाटा नसतो, पण नजर असते. कुस्ती रेंगाळली किंवा कोणाला लागलं तर पंच मधे पडून ती सोडवतात, हलगी थांबते, इनाम निम्मं निम्मं होतं आणि दोघंही मल्ल एकमेकांची पाठ थोपटून बाहेर पडतात. फडातलं सगळंच चांगलं होतं असं नाही. पैजा होत्या, हाणामाऱ्या होत्या, कोणाचा हात मोडला तर तो हाडवैद्याच्या भरवशावर असायचा. पण एक गोष्ट तिथे पक्की होती : कुस्ती लावायची आणि सोडवायची जबाबदारी मोठ्यांची. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीने 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली तेव्हा आपण मिरवणुका काढल्या. लाल मातीतून आपण गदा उचलली, मॅटवर येताना वस्ताद मात्र यात्रेतच विसरून आलो.

आजच्या स्पर्धेचं चित्र बघा. एका दिवसात पाच-सहा वयोगट, प्रत्येकात वजनगट, सकाळी नऊची वेळ दिलेली असते आणि पहिली लढत बाराला सुरू होते. संध्याकाळच्या एसटीआधी सगळं उरकायचं. डॉक्टर कागदावर असतो. प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस, एक निम्मा संपलेला स्प्रे. बर्फ लागला तर कोणीतरी पळत फाटकाबाहेरच्या सोडावाल्याकडून प्लास्टिकच्या पिशवीत आणतो, आणि तो येईपर्यंत पोराच्या डोळ्यातलं पाणी वाळलेलं असतं. पंच लढत का थांबवत नाहीत? क्रूर असतात म्हणून नाही. थांबवली की एक पालक मॅटवर येतो, दुसरा कोच टेबलावर हात आपटतो. 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या मैदानात पंचाला लाथ बसलेली सगळ्या राज्याने पाहिली. तिथे ही गत, तर तालुक्याच्या हॉलमधल्या मानधनावर आलेल्या पंचाने कशाच्या जोरावर थांबवायचं? त्यापेक्षा 'खेळतो का?' असं पोरालाच विचारणं सोपं. आणि कोणतं पोर नाही म्हणेल? मागे बाप उभा असतो.

म्हणून हा प्रश्न पोराला विचारायचाच नाही, इतकं तरी या हंगामात ठरवता येईल. चौदा वर्षांखाली कोणी लंगडलं, डोकं धरलं, हात वापरेनासा झाला की लढत थांबणार, डॉक्टर बघणार, आणि डॉक्टर नाही म्हणाला तर त्यावर अपील नाही. डॉक्टर हॉलमध्ये नसेल तर मॅट मांडायची नाही. बॉक्सिंगमध्ये आणि तायक्वांदोत कोचला टॉवेल टाकता येतो. तो टाकणाऱ्या कोचला भित्रा न म्हणण्याची शिस्त पालकांनी लावून घ्यावी. दुखऱ्या जागेवर मारायला ओरडणाऱ्या कोचला पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा हॉलबाहेर. लढत अशी मधेच थांबली तर थांबलेल्या मुलाची सवलतीच्या गुणांची शिडी तिथेच तुटू नये म्हणून काय करता येईल, हे शाळा, संघटना आणि क्रीडा कार्यालयाने एकत्र बसून बघावं. तिथे व्यवहारवाल्यांचं म्हणणं अजून शिल्लक आहेच आणि त्याला भाषणाने उत्तर मिळणार नाही. डॉक्टरच्या दिवसभराच्या फीचं विचाराल तर आपल्याकडच्या स्पर्धांत ट्रॉफ्या पोरांच्या कमरेपर्यंत येतात. त्या गुडघ्यापर्यंत आणल्या तरी ती फी निघेल.